ईसीजीच्या पट्टीवर बिघडलेला रिदम कसा ओळखायचा: तालुक्याच्या डॉक्टरांसाठी

मराठवाड्यातल्या बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत ईसीजीचं मशीन असतं, हृदयरोगतज्ज्ञ नसतो. किनवटहून नांदेड गाठायचं तर सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा रस्ता. भूम-परांड्याकडचा पेशंट बार्शी-सोलापूरकडे जाईल की धाराशिवला, हे नातेवाईक गाडीत बसल्यावर ठरवतात. अशा वेळी ‘काळीज लई धडधडायलंय’ किंवा ‘उभं राहिलं की अंधारी यायलीय’ म्हणत आलेल्या माणसाची पट्टी वाचायची ती तुम्हालाच. हा लेख त्यासाठी आहे: वैद्यकीय अधिकारी, इंटर्न आणि रात्रपाळीच्या सिस्टरांसाठी. औषधांचे सगळे डोस मोठ्या माणसांचे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. पट्टी पाहताक्षणी रिदमचं, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या लयीचं, नाव घ्यायची घाई करू नका. नाव चुकलं तरी चालेल. पण ठोका रुंद की अरुंद, नियमित की अनियमित आणि पेशंट तग धरून आहे की ढासळतोय, या तीन गोष्टी चुकल्या तर इंजेक्शन चुकतं. आणि पट्टीच्या डोक्यावर मशीननं छापलेली इंग्रजी ओळ शेवटी वाचा. हात थरथरत असला तरी मशीन ‘एट्रियल फिब्रिलेशन’ (अलिंदांची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर; पुढे एएफ) छापून मोकळं होतं आणि खरा ब्लॉक (वरचा विद्युत संदेश खाली उतरताना अडणं) कधीकधी सोडून देतं.

पट्टी नीट निघाली तरच वाचता येते

आपल्याकडच्या बहुतेक मशीनच्या क्लॅम्पचे रंग ठरलेले असतात: लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या पायाला. लाल-पिवळ्याची अदलाबदल झाली की लीड वनमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एक बाजू; एव्हीआर, व्ही-१ ही अशाच लीडची नावं) सगळंच उलटं येतं, पी, म्हणजे अलिंदांची छोटी लहरसुद्धा, आणि एव्हीआरमध्ये सरळ. त्यावर खालून उगम पावलेला रिदम म्हणून डोकं खपवण्याआधी क्लॅम्प तपासा.

शेतातून थेट आलेल्या माणसाचे घोटे चिखलाने माखलेले असतात, त्यावर जेली लावून उपयोग नाही. ओल्या कापसाने पुसा, मग क्लॅम्प लावा. बांगड्या, पाटल्या, पैंजण वर सरकवा. हातापायावर क्लॅम्प थोडा वर-खाली लागला तरी फारसं बिघडत नाही. छातीचे बल्ब मात्र जागेवरच हवेत: व्ही-१ आणि व्ही-२ चौथ्या फासळीफटीत, उरोस्थीच्या उजव्या आणि डाव्या कडेला. बाईमाणसाची पट्टी काढताना सिस्टरला सोबत घ्या आणि पडदा ओढा. संकोचाने अंग आखडलं की स्नायूंची थरथर पट्टीवर उतरते. बारीक, एकसारखी दातेरी रेघ आली तर ती विजेची गडबड. पलंगाजवळचा मोबाईल चार्जर काढा, पंख्याची वायर दूर करा, अर्थिंग बघा.

एकेरी चॅनेलचं मशीन प्रत्येक लीडचे तीन-चार ठोके देऊन पुढे सरकतं. रिदमसाठी ते पुरत नाही. मॅन्युअलवर टाका आणि लीड टू सलग हातभर काढा. कागद वाचवायची ही जागा नाही. पट्टीवर नाव, तारीख, वेळ आणि त्या वेळचं बीपी पेनाने लिहा. हा थर्मल कागद असतो, उन्हात आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तो पुसट होतो, म्हणून लगेच फोटो काढून ठेवा.

चौकटींचा हिशेब

कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो. लहान चौकट ०.०४ सेकंदाची, मोठी ०.२० सेकंदाची. सुरुवातीचा चौकोनी खांब दोन मोठ्या चौकटी उंच, म्हणजे १० मिलिमीटर असला पाहिजे. वेग ५० वर गेला असेल तर सगळे ठोके रुंद आणि संथ दिसतील, म्हणून कोपऱ्यात छापलेला वेग आधी बघा.

ठोके नियमित असतील तर दोन आर-लहरींमधल्या (ठोक्यांच्या उंच टोकांमधल्या) मोठ्या चौकटी मोजा आणि ३०० ला त्या आकड्याने भागा. दोन चौकटी म्हणजे १५०, तीन म्हणजे १००, चार म्हणजे ७५, पाच म्हणजे ६०, सहा म्हणजे ५०. अनियमित असतील तर हे सूत्र फसवतं. तेव्हा मुलांच्या कंपासपेटीतली १५ सेंटीमीटरची मोजपट्टी कामाला येते: या वेगाला १५ सेंटीमीटर म्हणजे नेमके सहा सेकंद. तेवढ्यात आलेले क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची मोठी, टोकदार लहर) मोजा, दहाने गुणा, झाली गती. त्याच पेटीतलं कर्कटकही ड्रॉवरमध्ये ठेवा. त्याची दोन टोकं दोन आर-लहरींवर ठेवून पुढे पुढे सरकवलं की लय कुठे मोडते ते डोळ्यांना न दिसणारंही सापडतं.

पीआर, म्हणजे पीच्या सुरुवातीपासून क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर, तीन ते पाच लहान चौकटींचा असावा. क्यूआरएस तीन लहान चौकटींच्या आत असावा, तीन किंवा जास्त म्हणजे रुंद. गती ६० ते १०० च्या दरम्यान असेल तर क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून त्यामागच्या टी-लहरीच्या शेवटापर्यंत) दोन आर-लहरींच्या अंतराच्या निम्म्याहून कमी हवा. त्यापेक्षा लांब दिसला की मशीनचा क्यूटीसी (गतीनुसार सुधारलेला क्यूटी) बघा आणि हाताने पडताळा. ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर तो माणूस धोक्यात आहे.

क्रम मोडू नका

पहिला प्रश्न पट्टीला नसतो, पेशंटला असतो. शुद्धीवर आहे का? बीपी ९० च्या खाली गेलंय का? छातीत कळ, धाप, फुप्फुसात पाणी आहे का? यांतलं काही असेल आणि गती फार वेगवान असेल तर बारकावे बाजूला ठेवा आणि शॉकची तयारी करा. मॉनिटरवर भयंकर रेघ दिसतेय पण माणूस गप्पा मारतोय आणि नाडी हाताला नीट लागतेय, तर आधी वायर हलतेय का ते बघा. थंडीने कुडकुडणाऱ्या किंवा कंपवाताच्या पेशंटची थरथर व्हीटीसारखी (खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या घातक वेगवान लयीसारखी) दिसते. मधूनमधून खऱ्या अरुंद क्यूआरएसची टोकं तिच्यातून डोकावत असतात, ती कर्कटकाने सापडतात.

मग पट्टीकडे वळा. लय नियमित आहे का. गती किती. पी आहे का, आणि लीड टूमध्ये तो वरच्या बाजूला, एव्हीआरमध्ये खाली आहे का. क्यूआरएस अरुंद की रुंद. आणि शेवटी, प्रत्येक पी-मागे क्यूआरएस आणि प्रत्येक क्यूआरएस-आधी पी आहे का, दोघांमधलं अंतर एकसारखं आहे का. हे पाच प्रश्न दर वेळी याच क्रमाने विचारा, नॉर्मल दिसणाऱ्या पट्टीलासुद्धा. सवय साध्या पट्ट्यांवर लागते आणि ती कामाला येते रात्री दोनला.

अरुंद आणि वेगवान

पी व्यवस्थित आहे, प्रत्येक पी-मागे क्यूआरएस आहे आणि गती ११०-१४० आहे, म्हणजे सायनस टॅकिकार्डिया. हा हृदयाचा आजार नाही. ताप, रक्तस्राव, जुलाब, उष्माघात, वेदना, रक्ताची कमतरता, थायरॉइड असं काहीतरी मागे असतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात काम करून आलेल्या मजुराला मेटोप्रोलॉल देऊन आकडा खाली आणू नका. त्याला सलाईनची गरज आहे.

अचानक सुरू झालेली धडधड, गती १५० ते २२०, घड्याळासारखी नियमित, पी दिसतच नाही: ही एसव्हीटी, म्हणजे वरच्या भागातून उठणारी वेगवान लय. पी बऱ्याचदा क्यूआरएसच्या शेपटात लपलेला असतो. व्ही-१ मध्ये शेवटी छोटी आर किंवा लीड टूमध्ये छोटी एस दिसली आणि रिदम सुधारल्यावर ती गेली तर निदान पक्कं. इथे औषधाआधी एक साधा उपाय करा. पेशंटला अर्धवट बसवा, १० मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला लावा, आणि फुंकणं संपताच त्याला सपाट झोपवून दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद वर धरा. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत नुसत्या फुंकण्याने १७ टक्के पेशंट पूर्ववत झाले, पाय वर धरण्याची जोड दिल्यावर ४३ टक्के. पैसा लागत नाही, नातेवाईकांची मदत होते. आपल्याकडे हे फार कमी लोक करतात, आणि का करत नाहीत ते मला अजून कळलेलं नाही.

त्याने भागलं नाही तर एडेनोसिन: कोपराच्या खोबणीतली मोठी शीर, ६ मिलिग्रॅम झटक्यात, लगेच २० मिली सलाईनचा फ्लश आणि हात वर. नाही जमलं तर १२. दम्याची शिट्टी वाजत असेल तर देऊ नका. देण्याआधी पेशंटला सांगा की काही सेकंद छाती दाबल्यासारखं, जीव चालल्यासारखं वाटेल. न सांगता दिलं तर तो पुन्हा तुमच्या दवाखान्यात पाय ठेवणार नाही. आणि हे सगळं चालू असताना पट्टी चालूच ठेवा. रिदम तुटताना काय दिसलं हीच पुढच्या डॉक्टरसाठी सर्वांत किमती माहिती असते.

गती नेमकी १५० च्या आसपास आणि तासभर तिथेच अडकलेली? फ्लटरचा संशय घ्या. अलिंद मिनिटाला ३०० ने फिरतं आणि दोनातला एकच ठोका खाली उतरतो. लीड टू, थ्री, एव्हीएफमध्ये करवतीचे दाते शोधा. एक दाता हमखास टी-लहरीत दडलेला असतो. वर सांगितलेल्या फुंकण्याने किंवा एडेनोसिनने फ्लटर सहसा जात नाही, पण ठोके क्षणभर विरळ होतात आणि दाते उघडे पडतात.

आता एएफ. लय अनियमित आणि त्या अनियमिततेलाही ठेका नाही, पी नाही, रेघ हेलकावे खातेय. मध्यमवयीन बीपीच्या पेशंटमध्ये हे दिसतंच. पण आपल्या भागात तिशीतली बाई, कधी गरोदर, धाप आणि थुंकीत रक्त घेऊन येते आणि पट्टीवर एएफ असतो, तेव्हा लहानपणच्या सांधेतापाने आकसलेली मायट्रल झडप आहे असं धरून चाला. पेशंटला डाव्या कुशीवर वळवून स्टेथोस्कोप लावा. त्रास कधी सुरू झाला ते नक्की सांगता येत नसेल आणि पेशंट स्थिर असेल, तर रिदम परत आणण्याच्या भानगडीत पडू नका. अलिंदात गुठळी असेल तर ती सुटून मेंदूत जाते. गती काबूत आणा, रक्त पातळ करण्याचा विचार करा, पाठवा.

एक बारकी पण मोलाची गोष्ट: जुना एएफचा पेशंट, डिगॉक्सिन चालू, आणि आजची पट्टी एकदम नियमित नि संथ, पण पी नाही. रिदम सुधारला म्हणून खूश होऊ नका. हा एएफच आहे, खाली पूर्ण ब्लॉक पडलाय. डिगॉक्सिन थांबवा.

रुंद आणि वेगवान

क्यूआरएस रुंद, गती १२० च्या वर, लय नियमित: ही व्हीटी आहे असंच समजा. इतर शक्यता असतात, एसव्हीटीसोबत आधीचा बंडल ब्रँच ब्लॉक (खालच्या कप्प्यांकडच्या एका विद्युतवाटेत अडथळा) असू शकतो. पण पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या किंवा हृदय कमजोर असलेल्या माणसात ती शक्यता बाजूला ठेवा. ‘बीपी चांगलं आहे, गप्पा मारतोय, म्हणजे व्हीटी नसेल’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो साफ चूक आहे. व्हीटीचा पेशंट चालत ओपीडीत येऊ शकतो.

पट्टीवर पुरावे शोधायचे तर हे शोधा. लीड टूमध्ये रुंद ठोक्यांच्या अधेमधे, कुठेही संबंध नसलेले बारीक पी चालले आहेत का. मध्येच एखादा अरुंद, नेहमीसारखा ठोका घुसलाय का, किंवा अर्धा अरुंद अर्धा रुंद असा मिसळलेला. एव्हीआरमध्ये क्यूआरएसची सुरुवातच उंच आर-लहरीने होतेय का. व्ही-१ ते व्ही-६ सगळे एकाच दिशेला, सगळे वर किंवा सगळे खाली आहेत का. यांतलं एक सापडलं तरी व्हीटी पक्की. काहीच सापडलं नाही तरी उपचार व्हीटीचेच. जुनी पट्टी घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत असते, ती मागवा: रुंदी आधीपासूनच तशीच असेल तर चित्र बदलतं.

इथे व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम देऊ नका. बीपी कोसळतं आणि पेशंट टेबलावरच जाऊ शकतो. स्थिर असेल तर ॲमिओडेरॉन १५० मिलिग्रॅम, डेक्स्ट्रोजमध्ये, १० मिनिटांत. बीपी पडत असेल तर झोपेचं औषध देऊन सिंक्रोनाइज्ड (आर-लहरीशी वेळ जुळवलेला) शॉक, १०० जूलपासून. सिंकचं बटण दाबल्यावर प्रत्येक आर-लहरीवर खूण येतेय ना ते बघा. पुष्कळ मशीनमध्ये पहिल्या शॉकनंतर सिंक आपोआप बंद होतं, दुसऱ्या वेळी पुन्हा दाबावं लागतं. नाडीच नसेल तर सिंक नको. सीपीआर सुरू करा आणि थेट शॉक द्या.

रुंद, फार वेगवान आणि अनियमित असेल, काही ठिकाणी दोन आर-लहरींमध्ये जेमतेम सहा लहान चौकटी, आणि ठोक्यांची रुंदीही बदलतेय, तर ते डब्ल्यूपीडब्ल्यूमधलं (जन्मजात जादा विद्युतवाट असलेल्या हृदयातलं) एएफ असू शकतं. सहसा तरुण पोरगा असतो. डिगॉक्सिन, व्हेरापामिल, एडेनोसिन, शिरेतून ॲमिओडेरॉन, यांतलं काहीही नको. आडवाटेने सगळे ठोके खाली उतरतात आणि व्हीएफ होतो, म्हणजे खालचे कप्पे नुसते थरथरतात आणि नाडी बंद पडते. इथे शॉकच बरा.

क्यूआरएस रेघेभोवती पिळ घेत वर-खाली फिरतोय, कधी उंच कधी ठेंगणा, तर टॉरसाड, म्हणजे लांबलेल्या क्यूटीतून होणारी व्हीटी. मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम द्या आणि आधीच्या पट्टीवर क्यूटी मोजा. याचं कारण बऱ्याचदा आपल्याच प्रिस्क्रिप्शनमध्ये सापडतं. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम आधीच खाली, त्यावर ॲझिथ्रोमायसिन, वर ऑन्डानसेट्रॉन. हॅलोपेरिडॉल, क्लोरोक्विन, लिव्होफ्लॉक्सासिन, एस्सिटॅलोप्रामही याच यादीत. टॉरसाडला ॲमिओडेरॉन देऊ नका, क्यूटी आणखी लांबतो.

संथ

मिनिटाला ५० ठोके म्हणजे आजार नव्हे. शेतात राबणाऱ्या दणकट माणसाची झोपेतली नाडी ४५ असू शकते. चक्कर, बेशुद्धी, धाप, खालावलेलं बीपी असेल तरच ते संथपण महत्त्वाचं. आणि औषधं विचारा: बीपीच्या गोळीत ॲटेनोलॉल आहे का, त्यावर कुणी डिल्टियाझेम जोडलंय का, काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू आहेत का. डोळ्याच्या थेंबांनी नाडी मंदावते हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

ब्लॉक ओळखताना माणसं अडखळतात, म्हणून इथे थोडं थांबू. समजा पट्टीवर क्यूआरएस नऊ मोठ्या चौकटींनी येतोय, नियमित. ३०० भागिले ९, म्हणजे साधारण ३३. प्रिस्क्रिप्शनचा कोरा कागद घ्या, त्याची कड लीड टूच्या पी-लहरींखाली धरा. शेजारचे दोन स्पष्ट पी शोधून त्यांच्याखाली पेनाने दोन खुणा करा. त्यांच्यात चार चौकटी आहेत, म्हणजे पी ७५ च्या गतीने. आता कागद उजवीकडे सरकवा: पहिली खूण दुसऱ्या पीवर आणली की दुसरी खूण कुठे पडते? कधी उघड्या पीवर, कधी टी-लहरीच्या माथ्यावर, आणि नीट पाहिलं तर त्या टीचा आकार बाकीच्यांपेक्षा थोडा टोकदार आहे, पी तिथे दडलाय. कधी खूण थेट क्यूआरएसच्या पोटात जाते. असं करत गेलं की दिसतं: पी आपल्या ठेक्यात, क्यूआरएस आपल्या ठेक्यात, पीआरचं अंतर दर वेळी वेगळं. एकाच देवळात दोन भजनी मंडळं बसलीत आणि दोघांचा ताल निराळा. हाच पूर्ण हार्ट ब्लॉक. खालचा ठोका अरुंद असेल तर गती ४० ते ६० च्या दरम्यान राहते, पेशंट थोडा निभावतो. रुंद असेल तर २० ते ४० आणि भरवसा शून्य.

वेन्केबाख या अर्धवट ब्लॉकमध्येही पीआर बदलतो, म्हणून गोंधळ होतो. तिथे पीआर ठोक्यागणिक लांबत जातो आणि मग एक क्यूआरएस गळतो, त्यामुळे क्यूआरएस झुपक्यांनी येतात, लय अनियमित. पूर्ण ब्लॉकमध्ये क्यूआरएस नियमित. वेन्केबाख बहुधा एव्ही नोडचा (वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या विद्युत सांध्याचा) असतो, ॲट्रोपिनला दाद देतो, खालच्या भागाच्या हार्ट अटॅकमध्ये दिसतो आणि बऱ्याचदा काही दिवसांत आपणहून निघून जातो. मोबिट्झ टू हा अर्धवट ब्लॉक वेगळा: पीआर एकसारखा चाललाय आणि सूचना न देता एक क्यूआरएस गायब, बहुतेकदा क्यूआरएस रुंद. हा कधीही पूर्ण ब्लॉकमध्ये जातो. पेशंट बरा दिसतोय म्हणून सकाळपर्यंत ठेवू नका.

दोनास एक ब्लॉक, म्हणजे दर दुसरा पी गळालेला, हा सर्वांत जास्त हुकतो. दुसरा पी टी-लहरीत बुडालेला असतो आणि पट्टी साध्या सायनस ब्रॅडिकार्डियासारखी दिसते. गती ४० च्या आसपास दिसली की टी-लहरींवर पुन्हा एकदा नजर टाकायचीच.

लक्षणं असतील तर ॲट्रोपिन १ मिलिग्रॅम, तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा, एकूण ३ पर्यंत. रुंद ठोक्यांच्या ब्लॉकमध्ये ते बहुतेक चालणार नाही, त्यात वेळ घालवू नका. ॲड्रेनलिनची ड्रिप मिनिटाला २ ते १० मायक्रोग्रॅम, किंवा डोपामिन, आणि डिफिब्रिलेटरवर बाहेरून पेसिंगची सोय असेल तर पॅड लावून ठेवा. कायमचा पेसमेकर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्यायला नातेवाईकांना तिथेच सांगा, नाहीतर मोठ्या शहरात पोहोचल्यावर एक माणूस परत गावाकडे पळतो.

आपल्या भागातली कारणं

पुस्तकातल्या रिदमच्या मागे करोनरी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतली अडचण, असते. आपल्याकडे तिच्या जोडीला इतर गोष्टी असतात.

रुंद, संथ, पी नसलेला, बेढब रिदम दिसला की पोटॅशियम वाढलंय असं आधी धरा. किडनी खराब असलेला, दोन डायलिसिस चुकलेला पेशंट, किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टनसोबत स्पायरोनोलॅक्टोन चालू असलेली आजी जुलाबाने सुकलेली. टी उंच आणि टोकदार, मग पी चपटा, पीआर लांब, क्यूआरएस रुंदावत रुंदावत शेवटी नुसती लाट. रिपोर्टची वाट बघू नका. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, हळूहळू शिरेतून, पट्टी बघत. क्यूआरएस काही मिनिटांत डोळ्यांदेखत अरुंद होतो. नाही झाला तर पुन्हा द्या. मग इन्सुलिन-ग्लुकोज, साल्ब्युटामोलचा नेब्युलायझर आणि डायलिसिसची तजवीज.

कण्हेर किंवा बिट्टीच्या बिया खाल्लेला पेशंट उलट्या करत येतो. या झाडांतलं विष डिगॉक्सिनच्या जातीचं. नाडी मंद, पीआर लांब, मग ब्लॉक, अधूनमधून रुंद ठोके. पहिली पट्टी नॉर्मल असली तरी घरी सोडू नका, किमान २४ तास मॉनिटरवर ठेवा आणि पट्टी पुनःपुन्हा काढा. पोटॅशियम वाढलेलं असेल तर विष जबर आहे.

फवारणीचं औषध प्यायलेल्याला आधी नाडी मंद आणि ॲट्रोपिन भरल्यावर १२० चा सायनस टॅकिकार्डिया, हे अपेक्षितच. तो कमी करायला जाऊ नका, पण रोज क्यूटी मोजा. धान्यात ठेवायच्या गोळ्या पोटात गेल्या असतील तर पट्टी अर्ध्या तासात रूप पालटते: एएफ, ब्लॉक, व्हीटी, काहीही. उतारा नाही. पहिल्या पट्टीवर बरं दिसतंय तोवरच व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवा.

लाल विंचू चावलेल्या पोराची पट्टी वेगवान, सुटे रुंद ठोके आणि एसटीचे (क्यूआरएस आणि टीमधल्या भागाचे) बदल असलेली येते. तिथे अँटी-अरिदमिक औषधांच्या मागे न लागता प्राझोसिन द्यायचं. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात राहून हे उपचार रूढ केले, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला तरी माहीत असायलाच हवी.

सुटे चुकार ठोके

वेळेआधी आलेला अरुंद ठोका, त्याआधीच्या टीवर उंचवटा: अलिंदातला. वेळेआधीचा रुंद ठोका, आधी पी नाही, मागे लांब विसावा: जवनिकेतला, म्हणजे खालच्या कप्प्यातला. धडधाकट माणसात दोन्हींना सहसा औषध लागत नाही. चहा, तंबाखू, जागरण विचारा, पोटॅशियम बघा. हृदय कमजोर असेल, ठोके लागोपाठ तीन किंवा जास्त येत असतील, किंवा व्यायामाने वाढत असतील, तर मात्र इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला पाठवा.

पाठवताना

व्हीटी, मोबिट्झ टू, पूर्ण ब्लॉक, क्यूटी ५०० च्या वर किंवा बीपी पडलेला कुठलाही रिदम असेल तर खासगी जीपमधून नाही. १०८ ला फोन करताना डिफिब्रिलेटर असलेली ॲडव्हान्स गाडी हवी आहे असं स्पष्ट सांगा. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जिथे पाठवाल तिथे आधी फोन करून बेड आणि तात्पुरत्या पेसमेकरची सोय विचारा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना पट्टी टेबलावर सपाट ठेवा, वरून सरळ काढा, फ्लॅश बंद, चौकटी मोजता येतील इतका जवळून. सुरकुतलेल्या पट्टीच्या तिरक्या फोटोवर कुणालाही पीआर मोजता येत नाही. खाली चार ओळी लिहा: वय, तक्रार कधीपासून, बीपी, कोणतं औषध किती वाजता दिलं. आणि मूळ पट्टी पेशंटच्या सोबत द्या, रिदम बिघडलेला असतानाची आणि सुधारल्यानंतरची, दोन्ही.